पाच चौकोनांची शेपूट

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा खाली वाकून नमस्कार (कमरेपर्यंतच वाकलो आहे, गेले चार दिवस खुर्चीत बसून पाठ ताठ झाली आहे, म्हणून उरलेला नमस्कार मनाने केला असं समज). तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? भावोजींनी साखर सोडली की साखरेने त्यांना, हेही कळव. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी भावजय तर फारच खुशाल आहे, त्याचं कारण पुढे येईलच. ते मी लिहिलं नाही तर ती स्वतः लिहील, म्हणून मीच लिहितो.

मागच्या पत्रात तू अगदी सहज, भाजी महाग झाली का विचारावं तसं विचारलंस, की "तुझा तो कार्टूनचा उद्योग अजून चालू आहे का?" ताई, मी ते वाक्य वाचलं, पत्र घडी करून ठेवलं, परत काढलं आणि परत वाचलं. बावीस वर्षं मी या धंद्यात आहे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमांत हात-पाय हलवले. टूथपेस्टच्या जाहिरातीत जी दाढ उड्या मारते तिचे गुडघे माझे. हवामानाच्या बातम्यांत जो ढग शिंकतो त्याचं नाक माझं. (हे तुला मी तीनदा सांगितलंय आणि तीनही वेळा तू 'हो का?' म्हणालीस.) पण आता तुला ठासून सांगतो, की उद्योग नुसता चालू नाही, तुझ्या भावाने स्वतःचा, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत स्वतःचा, अकरा मिनिटांचा सिनेमा केला आहे. आणि तो शुक्रवारी सकाळी दहा वाजता अग्निशमन दलाच्या मोठ्या सभागृहात तीनशे मुलांनी बघितला. आता हे कसं झालं ते सांगतो. चहा घेऊन बस. पत्र लांब आहे.

सिनेमा असा, की एक घर आहे. घरात आई, बाबा, एक मुलगी आणि एक मांजर. स्वयंपाकघरात आग लागते. ती माणसं घाबरतात, पण धावपळ करत नाहीत. ओला कपडा नाकाला धरून खाली वाकून बाहेर येतात, अंगणात सगळ्यांना मोजतात आणि मग बंब बोलावतात. गोष्ट साधी, पण मुलांना जन्मभर पुरेल अशी. आमच्याकडे हे काम घेऊन आले ते अग्निशमन दलाचे मोठे साहेब. उंच, सडसडीत, आणि चेहरा असा की त्यावर आयुष्यात एकदाही हसू पेटलं नसावं. पेटलं असेल तर त्यांनी स्वतःच ताबडतोब विझवलं असावं. त्यांनी आमची पहिली प्रत पाहिली आणि लेखी कळवलं की बंबवाल्यांच्या डोक्यावरची टोपणं, म्हणजे हेल्मेटं, आपण निळी दाखवली आहेत, आमची पिवळी असतात, निळ्या टोपणांचा सिनेमा मुलांना दाखवता येणार नाही. बरोबर आहे. ज्याचं काम त्याला बारकावा कळतो. मी म्हटलं, सोमवारी पिवळी करतो, मंगळवारी बघायला या.

आता इथे तुला थोडी आतली गोष्ट सांगावी लागेल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्राच्या आत सांगाडा असतो. हाडं असतात, अगदी माणसासारखी, आणि प्रत्येक हाडाला नाव द्यावं लागतं, म्हणजे हे हलव म्हटल्यावर तेच हलतं. बाकीचे सगळे लोक ही नावं इंग्रजीत ठेवतात. मी पहिल्या दिवसापासून मराठीत ठेवत आलोय. मान, हात, पाय, कोपर, मनगट, जबडा, गुडघा, पापणी आणि मांजर असेल तर शेपूट. का? तर गुडघ्याला गुडघा म्हटलं की तो कसा वाकतो ते मला कळतं. दुसऱ्या भाषेत तो नुसता सांधा असतो. (यावर आमच्या ध्वनिमुद्रकाचं, ज्याला आम्ही कानसेन म्हणतो, त्याचं म्हणणं आहे की हा माझा हट्ट आहे. असेल. हट्ट कुणाकडून उचललाय ते तुला ठाऊक आहे, मी नाव घेत नाही.)

सोमवारी सकाळी मी टोपणं पिवळी करायला बसलो. सॉफ्टवेअर उघडलं की रोज एक चौकट येते, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का? डावीकडे 'नंतर', उजवीकडे 'आत्ता'. मी गेले सात महिने रोज न चुकता 'नंतर' दाबत आलोय. कामाच्या मध्यात नवी आवृत्ती घ्यायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे, तो मी इतरांना शिकवतो, भिंतीवर लिहूनही ठेवलाय. ताई, त्या सोमवारी त्या लोकांनी बटणांच्या जागा बदलल्या. डावीकडे 'आत्ता' आणलं. सात महिन्यांची सवय असलेलं माझं बोट डावीकडे गेलं. आता यात चूक बोटाची की बटणाची, हे तूच ठरव. तुझी भावजय म्हणते चष्म्याची. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली आणि शेवटी एक निरोप आला, 'किरकोळ दोष दूर केले आहेत. अधिक स्थिर अनुभवाचा आनंद घ्या.' मी आनंद घ्यायला मोकळा झालो. मागे फिरायची सोय नव्हती, कारण नव्या आवृत्तीने उघडलेली फाइल जुनीला ओळखच देत नाही. आणि जपून ठेवलेल्या प्रती? आमची प्रत ठेवणारी यंत्रणा इतकी प्रामाणिक, की तिने बिघडलेली फाइल दहा मिनिटांत चांगलीवर तितक्याच प्रेमाने चढवून ठेवली होती. पण हे सगळं नंतर कळलं. सोमवारी मला काहीच बिघडलेलं दिसलं नाही, कारण मी फक्त टोपणांकडे बघत होतो. टोपणं पिवळीधमक झाली. मी सिनेमा तयार करून ठेवला आणि पुन्हा बघितला नाही. स्वतःचं काम पुन्हा तपासून बघायला मी काही नवशिका नाही, असं मी कानसेनला म्हणालो. हे वाक्य तो आता रोज मला ऐकवतो.

मंगळवारी साहेब आले. बरोबर त्यांच्या दलातले दोघे. आमच्या छोट्या खोलीत पडदे ओढले, कानसेनने आवाज लावला, तुझ्या भावजयीने चहा ठेवला. सिनेमा सुरू झाला. बाबा उठतात, दार उघडायला मनगट वळवतात. मनगट वळलं आणि बाबांचा जबडा उघडला. मनगट सरळ झालं, जबडा मिटला. मला वाटलं, डोळ्यांवर ताण आला असेल. मग मुलगी 'आई!' म्हणून हात वर करते. तिने हात वर केला आणि त्याबरोबर एक पायही वर केला. आईने हात वर केला, पाय वर केला, मान फिरवली. ताई, घर पेटलंय आणि ते कुटुंब नाचतंय! मांजर तर भलतंच. बाबांचा गुडघा वाकला की मांजराची शेपूट हलायची, आणि शेपटीबरोबर खोलीतल्या सगळ्यांच्या पापण्या लवायच्या. मी उठून बंद करायला गेलो, तर साहेबांनी नुसता हात वर केला. (एकच हात. पाय खालीच होता. त्या क्षणी मला ते फार बरं वाटलं.) ते म्हणाले, "पूर्ण बघू." पूर्ण बघितला. शेवटी आई अंगणातून पुढे येते, समोर पिवळ्या टोपणाचा बंबवाला उभा असतो. आई पावलं टाकते, प्रत्येक पावलाला गुडघा वाकतो, आणि प्रत्येक गुडघ्याला तिची पापणी मिटते. अकरा पावलं. अकरा वेळा.

दिवे लागले. साहेबांनी टोपी नीट केली.

"टोपणं पिवळी झाली," ते म्हणाले.

"हो साहेब."

"बाई आमच्या माणसाला डोळा का मारतात?"

मी म्हणालो, "साहेब, नवी आवृत्ती."

"कुणाची?"

"सॉफ्टवेअरची."

त्यांनी थोडा विचार केला. "शुक्रवारी तीनशे मुलं आहेत," ते म्हणाले, आणि चहा न घेता गेले. मागच्या दोघांपैकी एकाचे खांदे जिन्यापर्यंत हलत होते.

आता तू म्हणशील की कंपनीला विचारायचं. विचारलं की! बुधवारी सकाळी त्यांच्या मदतकेंद्रात फोन लावला. पाऊण तास सनई-बासरी ऐकली (कानसेन म्हणाला, ध्वनिमुद्रण वाईट नाही), मग एका गोड आवाजाच्या माणसाने माझी अडचण त्याला पूर्णपणे समजते असं सांगितलं. मी ती अजून सांगितलीच नव्हती. त्याने मला संगणक बंद करून चालू करायला लावला, मग चालू करून बंद करायला लावला. शेवटी म्हणाला, सर, तुम्ही हाडांची नावं इंग्रजीत करून घ्या, पुढे त्रास होणार नाही. ताई, मी आवाज चढवला नाही. मी त्याला शांतपणे विचारलं की बाबा रे, दोष तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि बदलायची माझी भाषा, हे कुठलं गणित? तो म्हणाला, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पण त्याने वरच्यांना कळवलं असावं, कारण दुपारी लगेच दुसरी आवृत्ती आली. 'काही भाषांमधील नावांचा दोष दूर केला आहे.' आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि देवाचं नाव घेऊन ती घेतली. नाच थांबला! पापण्या जागेवर! जबडा बंद! मी टाळी वाजवणार, तोच कानसेन म्हणाला, "मालक, आग कुठंय?" आग नव्हती. धूरही नव्हता. स्वच्छ, लख्ख स्वयंपाकघर, आणि त्यातून एक सुखी कुटुंब नाकाला ओली फडकी लावून वाकून बाहेर पडतंय, शेजारी बघतायत, आणि दोन बंब भोंगे वाजवत येऊन कोरड्या भिंतींवर पाणी मारतायत. अग्निशमन दलाला आग नसलेला सिनेमा! मी ती दुसरी आवृत्ती काढून टाकली (तेवढी काढता येत होती, पहिली नाही) आणि आग परत मिळाली, नाचासकट.

खरं सांगतो, बुधवारी संध्याकाळी मी खचलो. संगणकावर चित्रं काढायच्या पाटीवर हात ठेवून नुसता बसलो. बावीस वर्षांत मी कधी काम अर्धं टाकलं नाही, पण त्या दिवशी साहेबांना फोन करून 'जमत नाही' म्हणायला वाक्यं जुळवत होतो. हे मी फक्त तुलाच लिहितोय.

गुरुवारी सकाळी तुझी भावजय माझ्यामागे चहा घेऊन उभी राहिली. तिला तू ओळखतेस. वर्तमानपत्र आलं की बातम्या नंतर, शब्दकोडं आधी. माझ्या पडद्यावर हाडांची यादी होती. नव्या आवृत्तीला मराठी अक्षरं दिसतच नव्हती, त्यामुळे नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन आले होते, ओळीने एकशे अठरा नावं, सगळी चौकोनांची. ती म्हणाली, "हे कोडं कुणी घातलंय?" मी म्हटलं, थट्टा करू नकोस. ती थट्टा करत नव्हती. तिने पेन्सिल घेतली आणि चौकोन मोजायला लागली. सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना प्रत्येकी वेगळा चौकोन देत होतं. गुडघा, पाच. पापणी, पाच. शेपूट, पाच. मनगट, चार. जबडा, चार. मान, हात, पाय, तीन-तीन-तीन. पेन्सिल कानावर ठेवून ती म्हणाली, "अहो, याला वाचता येत नाही. फक्त मोजता येतं. ज्या नावांचे चौकोन सारखे, ती सगळी हाडं एकच समजतंय ते."

ताई, तेवीस वर्षं झाली लग्नाला. त्या क्षणी मला पुन्हा एकदा लग्न करावंसं वाटलं (तिच्याशीच). त्या कंपनीत शेकडो हुशार माणसं बसली असतील, कुणाला जे सापडलं नाही ते हिने चहा निवायच्या आत शोधलं. मी ते सगळं लिहून कंपनीला पाठवलं, आणि खाली शोध लावणारीचं नातं आणि छंद दोन्ही नमूद केले. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय मोलाचा आहे. येऊ दे. मला ते पत्र चौकटीत लावायचंय.

मग उपाय सोपा होता आणि अवघडही. एकशे अठरा हाडं, प्रत्येकाला नाव असं द्यायचं की दुसऱ्या कुणाचीही लांबी त्याच्याइतकी नको. कानसेन म्हणाला, आकडे द्या ना सरळ. मी म्हटलं, आकडे मी देणार नाही. मराठीच देईन, पण अशी देईन की मोजता मोजता त्याला घाम फुटेल. आम्ही तिघं बसलो. पहिली वीस-पंचवीस नावं झटपट झाली, मग लांबवावी लागली. 'बाबांचा उजवा हात जो सहसा खिशात असतो.' 'आईचा डावा गुडघा, लहानपणी आपटलेला.' 'मुलीची मान, जी नको म्हणायला कायम तयार.' भावजय पुरवत होती, कानसेन मोजत होता, मी लिहीत होतो, आणि दुपारपर्यंत त्या कुटुंबाची मला इतकी माहिती झाली की आपल्या नातेवाईकांचीही नाही. सगळ्यांत लांब नाव मांजराला गेलं: 'मांजराची शेपूट, जिला या घरात आग लागल्याचं सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पण घरातली माणसं आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्यावर शेपटीकडे बघतो कोण'. एकशे त्रेचाळीस चौकोन, मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम धरून. सॉफ्टवेअर क्षणभर थबकलं. मग शेपूट हलली. फक्त शेपूट. पापण्या स्थिर. कानसेन, जो कुणाला हात लावून बोलत नाही, त्याने मला मिठी मारली.

आणि गंमत बघ. नावं इतकी जवळची झाल्यावर माझे हात वेगळे चालायला लागले. लहानपणी आपटलेला गुडघा मी थोडा जपून वाकवला. खिशातला हात बाहेर यायला अर्धा क्षण उशीर केला. जुन्या सिनेमात ती माणसं नुसती हलत होती. आता ती घाबरली होती आणि घाबरलेलं लपवत होती. मी बावीस वर्षांत केलेलं सगळ्यांत चांगलं काम हे आहे, आणि मी ते सहा तासांत केलं. यावेळी सिनेमा तयार झाल्यावर तीनदा बघितला. कानसेनने चौथ्यांदा बघायला लावला.

शुक्रवारी सभागृह भरलं. तीनशे मुलं म्हणजे काय आवाज असतो, तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस, तुला काय सांगायचं. दिवे गेले, तरी कुजबुज चालू होती. स्वयंपाकघरात पहिला जाळ दिसला आणि सगळं सभागृह गप्प झालं. ते कुटुंब वाकून निघालं तसं पुढच्या रांगेतली दोन मुलं खुर्चीतल्या खुर्चीत वाकली. अंगणात आई मोजते, तिथे मी तिला बोलायला लावलं नव्हतं, ती फक्त बोट दाखवते. तीनशे मुलांनी तिच्यासाठी मोजलं. एक! दोन! तीन! आणि मग, मांजर बाहेर आलं तेव्हा, जो ओरडा झाला तो ऐकून बाहेरच्या रस्त्यावरची माणसं आत बघायला आली. शेवटच्या रांगेत साहेबांची माणसं बसली होती, खऱ्या आगीत रोज जाणारी. बाहेर पडताना त्यांच्यातला एक वयस्कर माणूस माझ्यापाशी थांबला. त्याच्या एका गालावर भाजल्याची जुनी खूण होती. तो म्हणाला, "धूर बरोबर आहे." एवढंच. आणि पुढे गेला.

ताई, टाळ्या तीनशे मुलांनी वाजवल्या. पण घरी येईपर्यंत माझ्या कानात ते तीनच शब्द होते.

साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि सिनेमा मंजूर केला. आता तो सगळ्या शाळांत जाणार. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, उद्योग चालू आहे. भावोजींना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव, विशेषतः टूथपेस्टचा भाग.

तुझा,
सिनेमावाला धाकटा

ता. क. सिनेमा मंजूर झाला असं वर लिहिलंय ते खरंच आहे, फक्त एक अट आहे. त्यात शेजारीण खिडकीतून "आग लागली, बाहेर पडा!" असं ओरडते. ते ज्या बाईंनी म्हटलंय त्या गायिका आहेत. साहेब म्हणाले, "हे ऐकून लोक बाहेर पडणार नाहीत. पुन्हा म्हणा म्हणतील." त्यांना असा आवाज हवाय की ऐकणाऱ्याने आधी उठावं आणि मग का उठलो याचा विचार करावा. माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्या माहितीत एक आहे. आपल्या घरापासून मैदान किती लांब होतं आठवतं? तिथे खेळणारी सगळी मुलं तुझ्या एका हाकेला घरी जायची, ज्यांची तू कुणीच नव्हतीस तीसुद्धा.

ता. क. दुसरा. पुढच्या सोमवारी अकरा वाजता ध्वनिमुद्रण आहे. कानसेनने भिंतीला जास्तीचं कापड लावून ठेवलंय. तुझा फोन नंबर मी साहेबांना दिला आहे. ते स्वतः फोन करतील, रागावू नकोस. एकदा नमुना म्हणून ओरडून दाखव, पण आधी त्यांना फोन कानापासून लांब धरायला सांग.

वन्सं, नमस्कार. हे पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी मी लिहिते. यांनी सगळं लिहिलंय, पण मुलं मोजायला लागली तेव्हा हे स्वतः सभागृहात नव्हते. बाहेर जिन्यात तोंड फिरवून उभे होते. रांगेतली मुलं, शेवटचा ओरडा, सगळं मी सांगितलेलं आहे. तुम्ही याच. आणि येताना घशाला मध, लिंबू, हळद काही घेऊ नका. साहेबांना आवाज आहे तसाच हवाय.